चिंता, अवधान आणि वेड : कोल्हापूर प्रकरणाच्या निमित्ताने

१

१७ जुलै १८८२ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांच्या चालकांवर अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. ज्या पत्रांच्या आधारे बर्वे यांच्यावर आरोप करण्यात आले ती बनावट ठरली. चालकांनी दिलगिरीही प्रदर्शित केली. तथापि शिक्षा टळली नाही. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून दोघे २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले. मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात हे ‘कोल्हापूर प्रकरण’ लेखनस्वातंत्र्याचा आणि लोकजागृतीचा एक टप्पा म्हणून सांगितले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु या प्रकरणाच्या मुळाशी जो प्रश्न होता, तो वृत्तपत्रांचा नव्हता. एकोणीस वर्षांच्या एका तरुणाच्या मनाची अवस्था काय आहे आणि ती कशामुळे झाली आहे, असा तो प्रश्न होता.

कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांना पुत्र नसल्याने १८७१ मध्ये भोसले घराण्यातील नारायणराव या मुलास दत्तक घेऊन शिवाजी या नावाने गादीवर बसविण्यात आले. त्यांचा जन्म १८६३ चा. म्हणजे राज्यपद मिळाले तेव्हा त्यांचे वय अवघे आठ वर्षांचे होते. त्यापुढील त्यांचे आयुष्य शिक्षक, कारभारी आणि इंग्रज अधिकारी यांच्या देखरेखीखाली गेले. पुढे त्यांना वेड लागले आहे असे ठरविण्यात आले. १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे यांना रीजंट नेमून राज्यकारभार एका मंडळाकडे सोपविण्यात आला. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यात ठेवण्यात आले, आणि तेथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

सरकारपक्षाचे म्हणणे, हे वेड आहे. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांचे म्हणणे, महाराजांची जी दशा झाली आहे ती भोवतालच्या माणसांनी केलेल्या छळाची परिणती आहे. या दोन पक्षांपैकी कोणाचा निदानाचा भाग खरा होता, याचा निर्णय एकशे चाळीस वर्षांनंतर कागदपत्रांवरून करू पाहणे हे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु या वादाच्या भाषेचा विचार मात्र करता येतो, आणि तो करण्याजोगा आहे. वाद ‘शहाणा की वेडा’ या दोनच पदांत खेळला गेला. भयाने व चिंतेने ग्रासलेले मन आपल्या अवधानावरील ताबा गमावते, पण म्हणून ते वेडे नसते, या तिसऱ्या अवस्थेला त्या वादात स्वतंत्र नाव मिळाले नाही. मराठी भाषेजवळ ती अवस्था सांगण्याचे साधन नव्हते काय? शब्दांचा आणि वाक्यरचनेचा इतिहास पाहता, ते साधन विपुल होते असेच दिसून येते.

२

मनाच्या अस्वास्थ्याचे जे शब्द मराठीत रूढ आहेत, त्यांच्या अर्थांतराची दिशा लक्षणीय आहे. ‘चिंता’ हा शब्द ‘चिंत्’ या संस्कृत धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ विचार करणे, मनात आणणे एवढाच. मनात आणलेली वस्तू देणारे रत्न ते चिंतामणी. येथे भयाचा लवलेशही नाही. ‘हितचिंतक’ या शब्दात तो जुना अर्थ आजही शाबूत आहे. त्याच धातूपासून निघालेल्या ‘चिंतन’ शब्दाने विचाराचा अर्थ राखला, आणि ‘चिंता’ या शब्दाच्या वाट्याला केवळ अस्वास्थ्य आले. एकाच मुळाच्या दोन फांद्यांपैकी एक प्रज्ञेकडे व दुसरी व्यथेकडे गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

हा योगायोग आहे असे मानावे, तर ‘फिकीर’ हा शब्द आडवा येतो. मूळ अरबी ‘फिक्र’ याचा अर्थही विचार असाच आहे. फारसीच्या मार्गाने तो मराठीत स्थिरावला तेव्हा त्याचा अर्थ काळजी असा झालेला होता. ‘विवंचना’ या शब्दाची गतीही तीच. जुन्या मराठीत विवंचना करणे म्हणजे एखाद्या गोष्टीची सांगोपांग छाननी करणे. रामदासांच्या ‘दासबोधा’तही हा अर्थ आढळतो. आज ‘तो विवंचनेत आहे’ असे म्हटले की छाननीचा अर्थ कोणाच्याही मनात येत नाही. ‘तो विचारात पडला’ या प्रयोगातही ‘विचार’ हा शब्द त्याच उतारावर उभा असलेला दिसतो.

संस्कृत, अरबी आणि देशी वापर अशा निरनिराळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच दिशेने सरकावेत, याचे कारण शब्दांत नसून शब्दांनी दर्शविलेल्या वस्तूत असले पाहिजे. चिंता म्हणजे विचाराचा अभाव नव्हे, तर सुटू न शकणारा विचार होय. मन रिकामे झाल्याने ते कामातून उठत नाही; ते आधीच भरलेले असल्याने नव्या गोष्टीस तेथे जागा उरत नाही. भाषिक व्यवहाराने हा निष्कर्ष शतकानुशतके नोंदवून ठेवला आहे.

‘काळजी’ हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला. तो ‘काळीज’ या शब्दाशी जोडलेला आहे, आणि काळीज हे मुळात यकृताचे नाव. येथे चिंता विचारात नसून शरीरात आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतही चित्ताच्या विक्षेपांची गणना केल्यावर त्यांच्यासवे येणारी लक्षणे म्हणून दुःख व खिन्नता यांच्या बरोबरीने अंगाचा कंप आणि श्वासाची विषमता सांगितली आहे. चित्ताचे अवधान सुटणे आणि शरीर थरथरणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, ही जाण भारतीय विचारात फार जुनी आहे.

३

अवधानाच्या शब्दांनी याच्या उलट दिशेने प्रवास केला. ‘अवधान’ म्हणजे मन एखाद्या ठिकाणी ठेवणे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते हेच. तेथे अवधान हे प्रेमाने देण्याचे दान आहे. त्याच शब्दास ‘स’ जोडून ‘सावधान’ झाले, आणि त्याचा अर्थ ‘लक्षपूर्वक’ येथून ‘जपून, धोका आहे’ येथवर आला. लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून बालवयातील नारायण मंडपातून निघून गेला, ही समर्थ रामदासांविषयीची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिची ऐतिहासिकता कशीही असो. एका शब्दाचे दोन अर्थ एकाच क्षणी जागे झाल्याचा तो नमुना आहे.

पहाऱ्याच्या व्यवहारातून आलेले शब्दही असेच. ‘खबरदार’ म्हणजे मुळात ज्याला खबर आहे तो. मराठीत तो धमकीचा उद्गार झाला. ‘हुशार’ म्हणजे शुद्धीवर असलेला, जागा. त्याचा आज बुद्धिमान असा अर्थ आहे. या शब्दांचे जग किल्ल्यांचे जग होते. कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे प्रकरण विस्ताराने आले आहे. राज्याचे रक्षण किल्ल्यावर आणि किल्ल्याचे रक्षण त्यावरील माणसांच्या सावधपणावर अवलंबून आहे, हे त्यातील सूत्र आहे. मात्र हा सावधपणा केवळ धाकावर सोपविलेला नाही. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांची कामे वाटून दिलेली, त्यांच्या बदल्यांचे नियम घातलेले, अशी ती व्यवस्था आहे. भीती दाखवून माणूस जागा राहतो, पण पुरेसा काळ जागा राहत नाही, हे जाणणाऱ्या अनुभवी मुत्सद्द्याची ती व्यवस्था होती, असे तिच्या रचनेवरून म्हणता येते.

या शब्दांची अभावरूपे पाहिली म्हणजे आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला चिंता नाही तो ‘निश्चिंत’; ही स्तुती आहे. ज्याला काळजी नाही तो ‘निष्काळजी’. ही निंदा आहे. ज्याला फिकीर नाही तो ‘बेफिकीर’. ही प्रसंगपरत्वे स्तुतीही होते आणि निंदाही. तीन शब्दांचा वाच्यार्थ जवळपास एकच असता भाषेने त्यांना तीन निरनिराळे निकाल दिले. काळजी मुळीच नसेल तर अवधान ढिले पडते. ती फार असेल तर अवधान तुटते. मधल्या एका मर्यादेत ते टिकते, असा अनुभव या तीन निकालांमागे आहे.

४

शब्दांपेक्षाही वाक्यरचनेची साक्ष अधिक मोलाची आहे. कारण शब्द उसने घेता येतात, रचना सहसा घेतली जात नाही. मराठीत ‘काळजी’ हे नाम कोणत्या क्रियापदासह येते यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘आई मुलाची काळजी घेते’ या वाक्यात आई कर्ती आहे. तिचे अवधान बाहेर, मुलाकडे आहे आणि ते तिच्या ताब्यात आहे. ‘आईला काळजी लागली’ या वाक्यात आई चतुर्थीत गेली आणि काळजी प्रथमेत आली. आता काळजी कर्त्याच्या जागी आहे आणि आई ही ती घटना जिच्या ठायी घडते ती व्यक्ती. नाम एकच, परंतु एका रचनेत ते अवधानाचे नाव आहे आणि दुसरीत अवधान गमावल्याचे.

‘लक्ष’ या नामाचा व्यवहारही असाच आहे. लक्ष देणे, लक्ष ठेवणे, लक्ष घालणे हे कर्त्याच्या इच्छेने होते. लक्ष जाणे, लक्ष वेधले जाणे, लक्ष उडणे, लक्ष लागणे किंवा न लागणे हे कर्त्याच्या इच्छेवाचून होते. ‘मी लक्ष दिले नाही’ ही कबुली आहे. ‘माझे लक्ष लागले नाही’ ही तक्रार आहे. पहिल्यात दोष पत्करलेला आहे, दुसऱ्यात असमर्थता सांगितलेली आहे.

मराठीच्या शक्य क्रियापदांनी या भेदाला आणखी सूक्ष्मता आणली आहे. पुढील चार वाक्ये पाहावीत : ‘तो वाचत नाही’, ‘त्याला वाचता येत नाही’, ‘त्याचे वाचनात लक्ष लागत नाही’, ‘त्याच्याने वाचवत नाही’. बाहेरून पाहणाऱ्यास चारही ठिकाणी एकच दृश्य दिसते : पुस्तक पुढे आहे आणि वाचन होत नाही. परंतु पहिल्यात इच्छेचा, दुसऱ्यात विद्येचा, तिसऱ्यात अवधानाचा आणि चौथ्यात मनाच्या बळाचा अभाव आहे. चिंताग्रस्ताची अवस्था तिसऱ्या व चौथ्या वाक्यांची असते आणि जग तिचे वर्णन बहुधा पहिल्या वा दुसऱ्या वाक्याने करते. ‘काही सुचेनासे झाले’ हा प्रयोगही याच वर्गातला. सुचणे हे मनुष्य करीत नाही, ते त्याला होते, आणि भयाच्या क्षणी ते थांबते.

५

मानसशास्त्राने हाच विषय विसाव्या शतकात प्रयोगशाळेत नेला. १९०८ मध्ये रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना विजेचा झटका देऊन योग्य पेटी ओळखण्यास शिकविले. ओळख सोपी असता झटका जितका तीव्र तितके शिकणे जलद झाले. परंतु ओळख कठीण असता मध्यम झटका उपकारक ठरला आणि तीव्र झटक्याने शिकणे मंदावले. निश्चिंत आणि निष्काळजी या शब्दांतील अंतर येथे मोजमापात उतरले. १९५९ मध्ये इस्टरब्रुक यांनी असे प्रतिपादन केले की, भावना तीव्र झाली म्हणजे मनुष्य परिस्थितीतील थोड्याच खुणांची दखल घेतो. अवधानाचे क्षेत्र आकुंचित होते. मध्यम प्रमाणात हे आकुंचन निरुपयोगी खुणा वगळते, अतिरेक झाला की आवश्यक खुणाही वगळल्या जातात.

मायकेल आयसेंक आणि मॅन्युएल कॅल्व्हो यांनी १९९२ मध्ये याहून महत्त्वाचा भेद मांडला. चिंतेचे विचार मनाच्या तात्कालिक स्मृतीतील जागा व्यापतात. चिंताग्रस्त मनुष्य ही उणीव अधिक प्रयत्नाने भरून काढू पाहतो. त्यामुळे त्याचे फलित पुष्कळदा इतरांइतकेच दिसते, पण त्यासाठी पडणारे श्रम अधिक असतात. २००७ मध्ये आयसेंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराला अवधान-नियंत्रणाच्या सिद्धांताचे रूप दिले. अवधानाच्या दोन व्यवस्था मानल्या जातात : एक हेतूने चालणारी, दुसरी बाह्य प्रेरणेने खेचली जाणारी. चिंतेमुळे पहिलीचे बळ घटते व दुसरीचे वाढते. नको ते वगळणे आणि एका कामावरून दुसऱ्यावर मन नेणे, या दोन्ही क्रिया त्यामुळे बिघडतात. ‘लक्ष देणे’ क्षीण होते आणि ‘लक्ष जाणे’ बळावते, असा या सिद्धांताचा मराठी अनुवाद करता येईल. आणि तो केवळ शाब्दिक अनुवाद ठरणार नाही.

मनावर बळाने ताबा ठेवण्याचा उपाय कितपत चालतो, हे डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखविले. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या व्यक्तींच्या मनात तो विचार वारंवार आला. आणि पुढे मोकळीक दिल्यावर तो अधिकच येऊ लागला. एखादा विचार येत नाही ना हे तपासण्यासाठी मनाला तोच विचार जवळ ठेवावा लागतो. मनाला दटावण्याऐवजी त्याला सज्जनासारखे संबोधून वळविण्याची जी रीत रामदासांनी आपल्या २०५ ‘मनाच्या श्लोकां’त पत्करली, तिच्यामागील व्यवहारज्ञान या प्रयोगाच्या पार्श्वभूमीवर नव्याने ध्यानात येते.

६

आता पुन्हा कोल्हापूर प्रकरणाकडे वळता येईल. ब्रिटिश हिंदुस्थानात वेडासंबंधीचे कायदे १८५८ मध्ये झाले. संस्थानिकाच्या बाबतीतील निर्णय हा राजकीय निर्णय होता, न्यायालयीन नव्हे; तथापि राज्यकर्त्यांच्या विचाराची चौकट तीच होती. मनुष्य आपला कारभार पाहण्यास समर्थ आहे की नाही, एवढाच प्रश्न ती चौकट विचारीत असे. असमर्थता कशी आली, ती कोणत्या परिस्थितीत दिसते आणि कोणत्या परिस्थितीत दिसत नाही, हे प्रश्न तीत बसत नसत.

येथे एक तर्कदोष संभवतो आणि तो केवळ कोल्हापूरपुरता मर्यादित नाही. उत्तर उशिरा देणे, नजर स्थिर नसणे, दचकणे, बोलता बोलता मध्येच थांबणे, सांगितलेले विसरणे ही लक्षणे वेडात आढळतात. पण सतत पहाऱ्यात असलेल्या, कोण आपले व कोण परके हे न कळणाऱ्या, धास्तावलेल्या मनातही ती आढळतात. लक्षणांवरून पहारा बसविला आणि पहाऱ्याने लक्षणे वाढविली, तर वाढलेली लक्षणे पहाऱ्याचे समर्थन म्हणून पुढे केली जातात. कारणाची जागा कार्याला आणि कार्याची जागा कारणाला मिळते. शिवाजी महाराजांच्या बाबतीत मूळ आजार किती आणि परिस्थितीचा भाग किती हे कसेही असो. या दोहोंचा वेगवेगळा विचार करण्याची सोय निर्णयाच्या भाषेतच नव्हती, एवढे निश्चित. ती असती, तर एका आजारी वा भयभीत तरुणाच्या जवळ शुश्रूषा करणारा माणूस असावा की शिपाई, हा प्रश्न तरी निदान विचारला गेला असता.

या प्रकरणाने मराठी भाषेच्या इतिहासात आणखी एक खूण मागे ठेवली. तुरुंगातील त्या दिवसांत आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या भाषांतराचे काम केले आणि ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका राजपुत्राच्या मनाविषयी लिहिल्याबद्दल कैदेत पडलेल्या लेखकाने, ज्याच्या वेडाविषयी सारा दरबार तर्क करीत आहे अशा राजपुत्राचे नाटक मराठीत आणावे, हे सहज घडले असले तरी अर्थपूर्ण आहे. त्याहून अर्थपूर्ण आहे ते शीर्षक. त्यात ‘वेड’ हा शब्द नाही, ‘विकार’ आहे. त्या काळच्या मराठीत विकार, मनोविकार हे शब्द राग, शोक, भय यांसारख्या भावनांना लावले जात. विकार म्हणजे पालट. शांत मनाला आलेला पालट. पुढे ‘वाक्यमीमांसा’ (१८८८) लिहून मराठी वाक्याची चिकित्सा करणाऱ्या आगरकरांनी हा शब्द अजाणता योजला असेल, असे मानवत नाही.

परंतु पुढील शतकात हाच शब्द सरकला. आज मनोविकार म्हणजे मनाचा रोग आणि मनोविकारतज्ज्ञ म्हणजे त्या रोगाचा वैद्य. ज्या शब्दाने भयभीत मनाचे वर्णन त्याला रोगी न ठरविता करता येत होते, तो शब्द रोगाच्या पदरी पडला, आणि मधली जागा पुन्हा मोकळी झाली.

७

ती जागा आजच्या बोलीत ‘टेन्शन’ या उसन्या शब्दाने घेतली आहे. त्याची मराठी वाक्यरचना मात्र मननीय आहे. ‘मला टेन्शन आले’ ही रचना जुन्या ‘काळजी लागली’ या रचनेचीच बहीण आहे. परंतु ‘टेन्शन घेऊ नकोस’ या सल्ल्यात ‘घेणे’ हे क्रियापद आले, आणि त्याबरोबर कर्तृत्वही आले. काळजी ‘घेणे’ हा गुण होता. टेन्शन ‘घेणे’ हा दोष झाला. जे लागते वा येते, ते जणू मनुष्याने हात पुढे करून घेतले, असा त्या वाक्याचा गर्भितार्थ आहे. परीक्षेच्या वेळी पाठ असलेले उत्तर न आठवलेल्या विद्यार्थ्यास हा सल्ला आश्वासक न वाटता आरोपासारखा वाटतो, त्याचे कारण त्या क्रियापदात आहे.

कायद्याची भाषा मात्र या अवधीत पुष्कळ बदलली. १८५८ च्या कायद्यांची जागा १९१२ च्या, त्याची १९८७ च्या आणि त्याची २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली. या अखेरच्या कायद्यानुसार मानसिक आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही असे गृहीत धरता येत नाही. आणि एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला अक्षम ठरविता येत नाही. १८८२ मध्ये जो भेद करण्याची सोय नव्हती, त्याच्या जवळपास कायदा आता पोचला आहे.

विद्यापीठे, न्यायालये आणि रुग्णालये ही माणसांच्या अवधानाची परीक्षा घेणारी ठिकाणे आहेत. तेथे ‘लक्ष देत नाही’ आणि ‘लक्ष लागत नाही’ ही दोन वाक्ये एकाच रकान्यात नोंदली जातात, तेव्हा भाषेने जपलेला भेद नोंदीत हरवतो. मराठी व्याकरणात तो भेद विभक्तीने आणि क्रियापदाने स्पष्ट दाखविलेला आहे. नोंद करणाऱ्याने तो ऐकण्याची सवय मात्र लावून घेतली पाहिजे. कारण तो न ऐकल्याची किंमत नोंद करणाऱ्यास नव्हे, तर जिच्याविषयी नोंद होते त्या व्यक्तीस द्यावी लागते.